छत्तीस नंबरची तार

महसूल खात्यातील ३४ वर्षांच्या चाकरीत सात-बाराचे उतारे, फेरफार, पंचनामे, दाखले अशा नानाविध दुर्मिळ वस्तूंच्या मागे धावणारी माणसे मी पुष्कळ पाहिली होती, आणि त्यांस 'उद्या या' असे सांगताना माझ्या अंतःकरणास विशेष यातना झाल्याचे स्मरत नाही. परंतु सेवानिवृत्तीच्या तिसऱ्या वर्षी, दोन-तीन केस एकत्र वळावेत एवढ्या जाडीची तांब्याची तार अवघी दहा मीटर हवी म्हणून मी स्वतः पुण्याच्या पेठापेठांतून हिंडू लागलो, आणि दुकानादुकानांतून 'पुढच्या आठवड्यात बघा' हे उत्तर घेऊन परतू लागलो, तेव्हा त्या समस्त अर्जदारांचे शाप एकसमयावच्छेदेकरून फळास आले असावेत अशी माझी खात्री झाली.

या अनर्थाचे मूळ कोथरुडात आहे. कर्वे रस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांना जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय ठाऊक असेलच. एका गृहस्थाने आयुष्यभर जोपासलेल्या छंदाचे ते १९९८ साली लोकांस खुले झालेले फळ होय. सुटीत घरी आलेल्या नातवाचे मन रमावे या शुद्ध हेतूने मी त्यास तेथे घेऊन गेलो. नातवाचे मन दहा मिनिटे रमले आणि अकराव्या मिनिटास त्याने आइस्क्रीमची मागणी नोंदविली. इकडे त्याचा आजा मात्र, बोटभर लांबीची इंजिने सिग्नलपाशी कशी अदबीने थांबतात आणि काडीएवढ्या खांबांवर दिवे कसे उजळतात हे पाहत असा तल्लीन होऊन उभा राहिला की, अखेर नातवासच 'आजोबा, चला ना आता' म्हणून त्याचे मनगट ओढावे लागले. पुढील सहा महिन्यांत जर्मनीत नोकरीस असलेल्या पुतण्याने एक इंजिन व चार डबे आणून दिले, गच्चीवरील खोलीतली अडगळ हलविण्यात आली (या अडगळीत सौभाग्यवतींच्या माहेरचा पाटा होता, हे मला अडगळ हलविल्यानंतर कळले व त्यानंतर वेळोवेळी कळतच राहिले), प्लायवूडचा तक्ता भिंतीलगत बसला, आणि पुणे ते लोणावळा असा माझा स्वतंत्र लोहमार्ग रहदारीस खुला झाला.

येथे मापांविषयी चार शब्द सांगणे प्राप्त आहे. या खेळातील गाड्या खऱ्या गाडीच्या एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात घडविलेल्या असतात, आणि त्यांच्या दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. हे अंतर युरोपातील रुळांच्या हिशेबाने ठरलेले आहे. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, म्हणजे तिला सत्त्याऐंशीने भागले असता सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या रुळांवर तिचा हक्क पोहोचतो. तात्पर्य, दख्खनच्या राणीचा रंग लावून मी माझ्या रुळांवर जे डबे उभे केले आहेत ते वास्तविक पावणेतीन मिलिमीटर पाय आवळून उभे आहेत. पण हा अन्याय पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. लक्षात येतो तो अंधार. संध्याकाळी दिवा मालवून मी गाडी सुरू केली, तेव्हा आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी 'गाडीत दिवे नाहीत वाटतं? मग हे विनातिकीट प्रवासी असणार' असा शेरा मारला, आणि त्या क्षणी डब्याडब्यांत दिवे लावण्याचा मी निश्चय केला.

दिवे मिळण्यास अडचण पडली नाही. तिळाएवढ्या आकाराचे एलईडी आजकाल मूठभर आणावेत असे मिळतात. शिंक आली तर मूठभर नाहीसेही होतात. अडचण होती त्या तिळापर्यंत वीज नेणाऱ्या तारेची. घरातील दिव्याबत्तीची साधी वायर घेतली तर तिचे तांबेच एक चौरस मिलिमीटर भरते, वर प्लास्टिकचा डगला निराळा. ती जर दीड मिलिमीटर व्यासाच्या पोकळ दिव्याच्या खांबातून ओवू म्हटले तर ते सुईच्या नेढ्यातून कासरा ओवण्यासारखे होते. जाणकारांनी सांगितले की याला छत्तीस नंबरची इनॅमलची तार लागते. परदेशात छंदिष्टांसाठी अशी तार दहा-दहा फुटांच्या गोंडस गुंडाळ्यांत विकली जाते खरी. पण तिची किंमत पाहिली असता ती तांब्याची नसून छंदाची आहे, आणि छंद हा कोणत्याही बाजारात तांब्याहून महागच असतो, हे उघड दिसते. पेन्शनीत बसेल अशी छत्तीस नंबरची तार इथेच मिळवायची, असे मी ठरविले.

तापकीर गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांस तिचे वर्णन सांगून उपयोग नाही व ज्यांनी पाहिली आहे त्यांस गरज नाही. बुधवार पेठेतील या चिंचोळ्या वाटेत विजेच्या दुनियेतील यच्चयावत वस्तू टांगलेल्या, रचलेल्या आणि पायांत आलेल्या असतात, आणि दोन्ही बाजूंनी वायरची वेटोळी अशी लोंबत असतात की नवख्या माणसास आपण सर्पयज्ञास आलो की काय असे वाटावे. इतकी तार दृष्टीस पडल्यावर माझा जीव भांड्यात पडला. पहिल्याच दुकानात मी मोठ्या विश्वासाने म्हणालो, "छत्तीस नंबरची तार हवी होती."

"किती?"

"दहा मीटर."

दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी किराणा भुसाराच्या दुकानात जाऊन तांदळाचे सात दाणे मागितले होते. "काका, ती वायंडिंगची तार. किलोत मिळते. रिळाला हात लावला की रीळ घ्यावं लागतं."

"आणि ही?" मी वर लोंबणाऱ्या जाड वायरकडे बोट दाखविले.

"ती कितीही घ्या की. एक मीटर घ्या, अर्धा मीटर घ्या. कापून देतो."

या व्यवहारातील न्याय मला आजतागायत उमगलेला नाही. जी तार जाड, वजनदार आणि धिप्पाड, ती हातभर मागितली तरी कात्री लावून अदबीने मिळते. आणि जी सडपातळ, जिचा दहा मीटरांचा ऐवज फुंकरीने उडून जाईल, ती मात्र पोत्याच्या हिशेबानेच घ्यावयाची. कनिष्ठ कारकुनाची बदली करावयाची तर गठ्ठ्याने आणि जिल्हाधिकाऱ्यांची करावयाची तर स्वतंत्र आदेशाने, हा आमच्या खात्यातील प्रघात मी विसरलो नसतो, तर कदाचित मला इतके आश्चर्य वाटले नसते.

त्या दिवशी सात दुकाने पालथी घालून मी घरी परतलो, तेव्हा सौभाग्यवतींनी जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच विचारले, "काय हो, आली का तार?" प्रश्न साधा होता, पण तळमजल्यावर राहणाऱ्या, नव्वदी ओलांडलेल्या आमच्या मावशींच्या कानी त्यातले अखेरचे तीनच शब्द गेले. सरकारने तारखाते २०१३च्या जुलैमध्ये कायमचे बंद केले ही वार्ता मावशींपर्यंत पोहोचलेली नाही, आणि ज्या पिढीत तार म्हणजे एक तर नोकरी नाही तर मरण, त्या पिढीतील त्या असल्यामुळे, पाचच मिनिटांत त्या डोक्यावरून पदर घेऊन वर आल्या, माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या, आणि बऱ्याच वेळाने हळू आवाजात म्हणाल्या, "कोण गेलं रे?" कोणी गेले नसून दहा मीटर मिळाले नाहीत, एवढेच त्यांस पटवून देण्यात चहाचे दोन कप खर्ची पडले. जाताना त्यांनी 'देव सगळं नीट करील' असा आशीर्वाद दिला. म्हणजे बहुधा त्यांस पटले नव्हते.

दरम्यान, मागावयाची वस्तू नेमकी कोणती याचा तरी शोध घ्यावा म्हणून मी तारेच्या नंबरांचा अभ्यास आरंभिला, आणि एका अद्भुत सृष्टीत जाऊन पडलो. तारेचा नंबर जसजसा वाढतो तसतशी तार बारीक होते. याचे कारण असे सांगतात की, पूर्वी पोलादी पट्टीत उतरत्या आकाराची भोके पाडून त्यांतून तार ओढीत असत, व जितक्या भोकांतून ती ओढली गेली तितका तिचा नंबर. अर्थात जिला अधिक ओढले ती अधिक कृश झाली. वर्ग एकपासून वर्ग चारपर्यंतची श्रेणी ज्याने ३४ वर्षे जवळून पाहिली, त्यास हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पूर्वी विलायतेत प्रत्येक कारखान्याची भोके निराळी, त्यामुळे एकाचा वीस तो दुसऱ्याचा बावीस, असा सुळसुळाट होता. तो मोडण्यासाठी १८८४ साली तेथील सरकारने एक प्रमाणमाप कायद्याने ठरवून दिले. त्या मापाने छत्तीस नंबरची तार ०.१९३ मिलिमीटर जाडीची. परंतु अमेरिकेने तत्पूर्वीच आपली निराळी चूल मांडलेली होती, आणि त्या चुलीवरची छत्तीस नंबरची तार मात्र ०.१२७ मिलिमीटरची, म्हणजे पहिलीच्या दोन-तृतीयांश. आमच्या देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला. शेर गेले, मण गेले, कोस गेले. पण वायंडिंगच्या दुकानात विलायती नंबर अद्यापि गादीवर बसून आहे. प्रांतोप्रांतीच्या बिघ्यांचे एकरात रूपांतर करता करता ज्याच्या केसांचे रूपांतर टकलात झाले, त्याच्या नशिबी उतारवयात पुन्हा हेच यावे, याला योगायोग म्हणवत नाही.

पुण्यात जे मिळत नाही ते मुंबईत मिळते, ही श्रद्धा (पुणेकर ती उघड बोलून दाखवीत नाही) मनाशी धरून मी एके सकाळी डेक्कन क्वीनने निघालो. ही गाडी १ जून १९३० पासून धावत आहे व तिच्यात बसून तार आणावयास जाणारा मी पहिलाच प्रवासी असावा. बोरघाट उतरताना खिडकीतून वर पाहिले, तो डोक्यावरून तार चाललेली. तारच तार! आपल्या २५,००० व्होल्टच्या मार्गांवर सर्रास वापरली जाणारी संपर्कतार १०७ चौरस मिलिमीटर छेदाची, शुद्ध तांब्याची. तिच्या एका तुकड्यातून माझ्या तारेसारख्या साडेतीन हजारांहून अधिक तारा सहज निघाव्या. अशा तारेखालून जवळजवळ दोनशे किलोमीटर प्रवास करून मी दहा मीटर तार आणावयास निघालो होतो. त्यातच मनात एक दुष्ट हिशेब आला. माझी तार ०.१९३ मिलिमीटरची, तिला सत्त्याऐंशीने गुणले तर पावणेसतरा मिलिमीटरहून थोडी अधिक भरते, आणि खरी संपर्कतार जाडीला सुमारे १२ मिलिमीटर. म्हणजे जी तार बारीक म्हणून मी वणवण करीत होतो, ती माझ्या गाडीतल्या नखाएवढ्या उतारूंच्या दृष्टीने अंगठ्याएवढी जाड होती! हा हिशेब मी तेथेच कर्जतच्या अलीकडे टाकून दिला, अन्यथा अमेरिकन छत्तीसकडे वळावे लागले असते.

लॅमिंग्टन रोड हे नाव मुंबईच्या एका गव्हर्नरावरून पडले. महानगरपालिकेच्या दप्तरी तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण सोल्डरिंग गन हाती घेतलेल्या कोणत्याही माणसास विचारा, तो लॅमिंग्टनच म्हणेल. तेथील एका दुकानात माझे स्वागत उत्तम झाले. दुकानदाराने क्षणार्धात माझ्यापुढे रिबन केबल, हुकअप वायर, टेफ्लॉन वायर आणि रॅपिंग वायर अशा चार कन्या मांडल्या, प्रत्येकीचे गुण वर्णिले, आणि "अंकल, इनॅमलवाली छोडो, ये ले जाओ, सब यही लेते हैं" असे सांगून रॅपिंग वायर पुढे सरकविली. तार सुंदर होती, निळी होती, चिवट होती. तिची किंमत अधिक जाण्यायेण्याचे भाडे अधिक स्टेशनावरचा वडापाव, भागिले मीटर, असा हिशेब मी परतीच्या गाडीत केला, आणि ती वही मिटून ठेवली. शिवाय तिच्या अंगावर प्लास्टिकचा झगा होताच. खांबात एक तार गेली, दुसरी जाईना. दिव्यास तारा दोन लागतात, हे मी सौभाग्यवतींस सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे जाण्यापूर्वी माहीत नव्हतं का?"

यापुढील कालखंड हा आमच्या घराच्या इतिहासात लुटीचा कालखंड म्हणून ओळखला जातो. बारीक तार विकत मिळत नाही हे खरे, पण ती प्रत्येक घरात गाडलेली असते, हे मला कळून चुकले होते: पंख्यात, घंटेत, रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, स्पीकरच्या पोटात. मी प्रथम नातवाकडे मोडक्या इयरफोनची मागणी केली, कारण त्यांच्या नळीत लाल-हिरव्या रंगाच्या अतिसूक्ष्म तारा असतात असे ऐकले होते. तो फोनवरून म्हणाला, "आजोबा, आता सगळे वायरलेस असतात." ज्या जगातून तार उठून चालली आहे त्या जगात मी तार शोधीत होतो. आमच्या लहानपणी टेलिफोनचा लाइनमन खांबावरून उतरला की त्याच्यामागे पोरांची पलटण धावे, कारण तो टाकून देई त्या तुकड्यांतून निळ्या, नारिंगी, हिरव्या, तपकिरी तारा निघत, आणि त्यांच्या अंगठ्या विणून आम्ही वर्गभर वाटीत असू. आज टेलिफोनच नाही, तर लाइनमन कोठला आणि तुकडे कोठले! एक जुना इयरफोन अखेर मिळाला. पण त्यातील तारांत नायलॉनचे तंतू गुंफलेले निघाले, त्यांना डाख देऊ जाता तार राहिली बाजूला आणि खोलीभर जळक्या केसांचा वास पसरला. मावशी पुन्हा एकदा वर येऊन गेल्या.

नंतर दिवाणखान्यातील घड्याळाची पाळी आली. ते घड्याळ मला निवृत्तीच्या निरोपसमारंभात मिळालेले. त्याचा सेल संपला म्हणून ते थांबले होते, आणि मी ते दुरुस्तीच्या मिषाने उघडले, हे मी येथे प्रांजळपणे नमूद करतो. आत एक इवलेसे वेटोळे होते, त्यावर तांब्याचा लखलखाट होता. मी टोक सापडवून ओढले. तार तुटली. पुन्हा टोक सापडवून हलके ओढले. पुन्हा तुटली. मग मी श्वास रोखून चिमट्याने उचलली, आणि श्वास सोडताच ती तुटली. केसालाही लाजविणारी ती तार माझ्या सत्त्याऐंशीपट लहान जगालाही फार नाजूक होती. घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेले होते. ते आजही सत्यवचनी आहे, दिवसातून दोनदा.

गणपती जवळ आले तशी तापकीर गल्लीत रोषणाईच्या माळांची झुंबड उडाली, आणि तेथे एके दिवशी माझ्या डोळ्यांसमोर साक्षात प्रकाश पडला. ज्या माळांत दोन उघड्यासारख्या दिसणाऱ्या बारीक तांबूस तारा असून मध्येमध्ये थेंबासारखे दिवे जडविलेले असतात, त्या माळा स्वस्त, दहा-दहा मीटर लांब, आणि तारा दोन! सौभाग्यवतींनी गौरींच्या आरासीसाठी आणविलेल्या दोन माळांपैकी एक मी त्याच रात्री गच्चीवर नेली. पकडीने कापली. कापलेल्या टोकाला भिंग लावून पाहतो, तो तांबडी तार आतून चंदेरी! तांब्याचा केवळ मुलामा होता. आत कोणी परकाच धातू बसला होता. तीनदा वाकविल्यावर ती काडीसारखी मोडली. ज्येष्ठा गौरींच्या उजव्या बाजूस त्या वर्षी रोषणाई होती आणि डाव्या बाजूस नव्हती, याचे कारण हळदीकुंकवास आलेल्या प्रत्येक सवाष्णीस सविस्तर सांगण्यात आले.

मला या संकटातून सोडविले ते पलीकडच्या गल्लीतील मोटार वायंडिंगच्या दुकानाने. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत त्या दुकानासमोर शेतीपंपांच्या जळलेल्या मोटारींची रांग लागलेली असते. खेड्यांतून दाब कमी पडला की मोटार तापते, तापली की तिच्या तारेवरील लेप जळतो, आणि मग ती टेम्पोत बसून पुण्यास येते. मी गेलो तेव्हा पावसाळा असल्यामुळे कारागीर निवांत होता व छताच्या पंख्याचे वायंडिंग भरीत होता. त्याच्या हातातील रिळाकडे मी ज्या दृष्टीने पाहिले, त्या दृष्टीने पाहण्याचा अधिकार फक्त चातकास आहे.

"ती कितवी?" मी विचारले.

"छत्तीस. पंख्याला हीच लागते. का?"

"मला दहा मीटर हवी आहे."

"काका, मीटर आपल्याला कळत नाही. वजन सांगा."

हिशेब मी पाठ करून गेलो होतो. एक मीटर तार सुमारे पाव ग्रॅमहून किंचित अधिक, तेव्हा दहा मीटर म्हणजे २.६ ग्रॅम. त्याने रिळावरून पायाच्या अंगठ्याला वेढे देत दहा मीटर उलगडले, चुंबळ करून वजनकाट्यावर ठेवले. काटा हलला नाही. त्याने काटा पुसून पुन्हा ठेवले. काट्याने आमची दखल घेण्याचे साफ नाकारले. "हे सोनाराकडंच न्यायला पाहिजे," तो म्हणाला. खरेच, जुन्या मापाने ते पावणेतीन मासे होते. सोने असते तर त्यात मंगळसूत्राच्या दोन वाट्या झाल्या असत्या, पण तांबे असल्यामुळे त्याचे काहीच होत नव्हते. "न्या तशीच. ह्याचे काय पैसे घ्यायचे?"

३४ वर्षांत मी कोणाकडून फुकट काही घेतले नाही, हे माझे अभिमानाचे ठिकाण आहे. ते ठिकाण त्या दिवशी डळमळले. मी तार घेतली, दोनदा आभार मानले, आणि घरी येऊन चारही डब्यांना डाख दिले. एकही दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, तेव्हा त्याने माझे तोंड पाहूनच ओळखले. "खरवडली नाहीत ना? काका, ती उघडी दिसते, पण तिला कोटिंग आहे. ब्लेडनं खरवडा, मग डाख लावा." अंगावर वस्त्र असून जी विवस्त्र भासते, अशी ही तार, मी तिला उघडी समजून संकोचाने वागवीत होतो, आणि ती मात्र आतून संपूर्ण बंदोबस्तात होती! ब्लेडने टोके खरवडताच चारही डबे उजळले, आणि वकीलसाहेबांस मुद्दाम बोलावून, सर्व प्रवाशांची तिकिटे तपासून घेण्याची मी विनंती केली.

येथेच मी थांबावयास हवे होते. पण फुकट मिळणारी तार मागावयास तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा गेल्यावर कारागिराच्या डोळ्यांत मला अशी एक करुणा दिसू लागली, की पाचव्या खेपेस मी छाती पुढे काढून म्हणालो, "अर्धा किलो द्या." त्याने रीळ दिले. अर्ध्या किलोत ही तार सुमारे १,९०० मीटर भरते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला तिचे टोक बांधून निघालो तर सारसबाग जवळजवळ हाकेच्या अंतरावर येईपर्यंत ती पुरावी. इतकी संपत्ती हाती आल्यावर माणसाची बुद्धी फिरते. दिवे तर या तारेने लावलेच, पण रुळांना वीज पोहोचविणाऱ्या मुख्य वायरीही, घरची तार असता विकत कशाला, म्हणून मी याच तारेच्या टाकल्या.

गाडी पुण्याहून दिमाखात निघाली. तळेगाव सोडल्यावर ती मंदावली. लोणावळ्याच्या अलीकडे तिला धाप लागली. लोणावळ्यात ती थांबली, आणि डब्यांतील दिवे समईसारखे मिणमिणू लागले. घाट खरा नव्हता, चढ नव्हता, इंजिन जर्मन होते. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.५९ ओहम, कंट्रोलरपासून लोणावळा ५ मीटर, जाणे-येणे १० मीटर, इंजिनाची भूक अर्ध्या अँपिअरची, म्हणजे १२ व्होल्ट निघाले की जवळजवळ ३ व्होल्ट वाटेतच जिरतात. बारांतून तीन! माझ्यातला अव्वल कारकून खडबडून जागा झाला. ही तर नेमकी चौथाई होती. मुलखातून वसूल निघावा आणि वाटेतल्या हक्कदारांनी आपला वाटा कापून उरलेला हुजुरास रवाना करावा, तसा व्यवहार माझ्या प्लायवूडखाली चालू होता, आणि ती चौथाई वसूल करणारी सडपातळ सरदारीण मीच गल्लीतून सन्मानाने घरी आणली होती. दुसऱ्या दिवशी तापकीर गल्लीत जाऊन मी जाड वायर घेतली. बारा मीटर. दुकानदाराने कात्री लावून, विनातक्रार, कापून दिली.

सांप्रत माझ्याकडे अठराशेहून अधिक मीटर तार शिल्लक आहे. खांब, सिग्नल, डबे, फलाटावरील घड्याळ (हे चालू आहे) असे सर्व धरून वर्षाकाठी ४० मीटरपलीकडे माझा खप जात नाही. या गतीने ती संपेपर्यंत मी एकशेआठ वर्षांचा होईन, असे वहीत निघाले. नातवाचे लक्ष सध्या क्रिकेटवर आहे. म्हणून गेल्या महिन्यात वकीलसाहेबांस बोलावून मृत्युपत्राचा मसुदा करावयास बसलो, तेव्हा जंगम मालमत्तेच्या यादीत, बँकेतील ठेवी व सौभाग्यवतींच्या पाटल्या यांच्या खाली, 'तार, तांब्याची, नंबर ३६, विलायती मापाने, एक रीळ' अशी नोंद मी सांगितली. वकीलसाहेबांनी लेखणी थांबवून विचारले, "ही कोणाला द्यायची?"

मी विचारात पडलो. सौभाग्यवती आतून चहा घेऊन आल्या, त्यांनी तो टिपॉयवर ठेवला, आणि भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "ज्याला द्याल त्याला द्या. पण अट घाला म्हणावं, आधी ते घड्याळ दुरुस्त करून द्यायचं."

वकीलसाहेबांनी तशी अट घातली आहे.